दगडीला ताप कवा येणार?

किस्से काही कुणी ठरवून साठवत नाही. आमच्या ऑफिसात तुरीची धूळ साठायची, तसेच ते साठत गेले. रोज झाडा, रोज पुसा, दुसऱ्या दिवशी टेबलावर बोट फिरवलं की पुन्हा आहेच!

धूळ तुरीचीच का, तर लातूर नवा जिल्हा झाला आणि सगळ्या खात्यांना एकदम जागा कुठून द्यायची, म्हणून आमच्या हिवताप ऑफिसाला बाजारातलं एका डाळवाल्याचं गोदाम भाड्यानं मिळालं. मधे पत्र्याचं पार्टिशन. अलीकडे आम्ही, पलीकडे त्याची पोती. पोती हलली की आम्ही सगळे शिंकायचो. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, हे लोकांचा ताप काय काढणार, यांचीच सर्दी जाईना!

मी तिथं लॅब टेक्निशियन. स्वामीबाई म्हणायचे मला. माहेर चाकूरचं, वडिलांचं किराणा दुकान. लहानपणापासून पायाला भिंगरी, एका जागी बसायचं म्हटलं की अंगावर काटा. आणि नोकरी मिळाली कुठली? दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायची! पण खरं सांगू का, त्या ऑफिसात स्थिर असं कुणीच नव्हतं. माणसं इकडून तिकडून उचलून आणलेली. कुणाला बदली हवी, कुणाला प्रमोशन, कुणाला नुसतंच निघून जायचं होतं. पाऊस नव्हता, नळाला पाणी नव्हतं, उकाड्यानं झोप नव्हती. आम्ही सगळे सारखे उठायचो, दारापर्यंत जायचो, आभाळ बघायचो आणि परत येऊन बसायचो.

साहेब म्हणजे डॉक्टर बिराजदार, उदगीरचे. कपाळावर भस्माचा पुसट पट्टा, आणि गडबडले की थेट कानडीत. जीपचे ड्रायव्हर जब्बारभाई, तोंडाचा पट्टा जीपपेक्षा जोरात. आणि मारोती, गावोगाव हिंडून बोटाला सुई टोचून रक्ताच्या स्लाइड गोळा करणारा आमचा वर्कर. तो नांदेडकडचा, हिमायतनगरच्या पलीकडच्या जंगलपट्टीतला. नव्या जिल्ह्याला माणसं कमी पडली म्हणून त्याला इकडं आणलेलं. ते त्याला कधीच पटलं नाही.

*

दुष्काळात हिवताप ऑफिसात नोकरी करणं म्हणजे रोज टोमणे खाणं.

"प्यायला थेंब न्हाई, तिथं डास कुठनं येईल? तुमाला पगार कशाचा?" असं प्रत्येक गावात कुणीतरी विचारायचंच. आता याला काय सांगणार, की बाबा, पाणी जेवढं कमी तेवढी साठवण जास्त! घराघरात बॅरल, रांजण, हौद, आणि त्यात डासांच्या अळ्या अशा वळवळतायत की बघवत नाही. म्हणून आमची घोषणा होती, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी उपडी करा.

चाकूरकडच्या एका गावात जब्बारभाई जीपवरच्या भोंग्यातून ही घोषणा देत होते. एक म्हातारी काठी टेकत आली आणि जीपसमोर उभी राहिली.

"बाबा, आमचे समदेच दिस कोरडे हायत. पाळायला एखादा वला दिस दे की!"

जब्बारभाईंनी भोंगा बंद केला.

त्याच गावात मारोती एका घरी बॅरल बघायला गेला, तर घरातली बाई टुणकन बॅरलवर चढून बसली. खाली उतरेना. मारोती समजावतोय, अळ्या झाल्या असतील, हिवताप होईल. तिनं सरळ हात पुढं केला. "रगत पायजे तर घ्या, किती बी घ्या. बॅरलला हात लावू नका!" बघता बघता गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या बॅरलवर! त्या गावात आम्हाला रक्त भरपूर मिळालं आणि बॅरल एकही उपडं करता आलं नाही.

*

साहेबांच्या डोक्यात एक अभ्यास होता. जंगलपट्टीतली माणसं जन्मभर डासांत राहतात, तरी मोठी माणसं ठणठणीत कशी? सारखे डास चावून, सारखा हिवताप होऊन त्यांच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात. जंतू रक्तात असले तरी डोकं वर काढत नाहीत. हे पुस्तकात होतं. साहेबांना ते आपल्या माणसांत मोजायचं होतं. त्यासाठी हिवतापाचे रुग्ण एकीकडे, आणि ज्याला हिवताप ठाऊकच नाही असा धडधाकट माणूस दुसरीकडे, असे नमुने मोठ्या लॅबला पाठवायचे होते.

धडधाकट माणूस शोधायला बाहेर कशाला जायचं? मारोती होता ना! नांदेडहून नुकताच आलेला. कधी रजा नाही, कधी गोळी नाही.

"मारोती, शेवटचा ताप कधी आला होता?" साहेबांनी विचारलं.

"मला? आठवत न्हाई, साहेब. बारकं असताना आला असंल."

झालं! साहेबांनी मान डोलावली, मी डोलावली, जब्बारभाईंनी तर मारोतीच्या दंडावर थापच मारली. फिल्टर पेपरवर त्याच्या रक्ताचा ठिपका घेतला, वर लिहिलं 'निरोगी', आणि पार्सल रवाना.

काही दिवसांनी मोठ्या लॅबचा फोन. तिथले साहेब तडकलेले. "तुमची लेबलं उलटसुलट झालीत! तुम्ही ज्याला निरोगी म्हणताय, त्याच्या अँटिबॉडी सगळ्यांत जास्त आहेत. तुमचे रुग्ण त्याच्यापुढे अगदीच कोरे!"

"एनप्पा!" साहेब फोन ठेवून ओरडले. जंगलात वाढलेल्या माणसाला आम्ही हिवताप ठाऊक नसलेला म्हणून पाठवला होता! सगळे नमुने वाया.

मारोतीचा चेहरा पडला. "साहेब, आता मला काढत्यात का?"

"तुला कशाला काढतील? तुझ्यापुढे आम्ही सगळेच आजारी ठरलोय!"

मग साहेबांनी स्वतःचंच रक्त द्यायचं ठरवलं. मी सुई जवळ नेली मात्र, आणि साहेब खुर्चीतून हळूच खाली सरकले. जब्बारभाई धावत पाणी घेऊन आले, दोन बोटं बुडवून साहेबांच्या तोंडावर शिंपडलं आणि उरलेला ग्लास स्वतः पिऊन टाकला. म्हणाले, "बेहोश के वास्ते इतना बस है. टँकर परसों है!"

*

मारोतीला लातुरातच मुलगी झाली. नाव काय ठेवलं म्हणून पेढे खाताना विचारलं, तर म्हणाला, "दगडी."

मी चिडले. "अरे, नाव आहे का हे?"

"न्हाई ना, बाई. ह्ये नाव न्हाईच. नाव पुढं ठेवायचं."

त्यांच्या वाडीची रीत अशी, की मूल जन्मलं की दगड्या नाहीतर दगडी म्हणायचं. एखाद्या पावसाळ्यात त्याला रानातला थंडीताप येणार, हे ठरलेलंच. तो ताप येऊन उतरला, मूल वाचलं, की मग घरातली म्हातारी त्याला खरं नाव ठेवणार. तोवर नाव घेऊन त्याच्यावर जीव लावायचा नाही. मारोतीची आई गिरजाबाई या रीतीची फार पक्की. आणि इथं लातुरात दगडीला ताप काही येईना! पोरगी रांगली, चालली, गल्लीभर पळायला लागली, तरी दगडीच. मारोतीची बायको कमल रोज भुणभुण करायची. तिला स्वाती नाव आवडायचं. पण सासूच्या आधी नाव ठेवायची तिचीही छाती होईना.

मारोती दरवर्षी बदलीचा अर्ज करायचा आणि साहेब दरवर्षी त्याला एकच सांगायचे. "तू जा. पोरीला नेऊ नको. तिच्या अंगात काही नाही. तिकडचा ताप तिला झेपायचा नाही."

एका दिवाळीला तो एकटाच गावी गेला आणि चांगला हुडहुडत परत आला. डोळे खोल गेलेले. आयुष्यात पहिल्यांदा रजा वाढवली होती. साहेबांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ताबडतोब त्याचं रक्त घेतलं, पाठवलं, तर अँटिबॉडी पार घसरलेल्या. इतकी वर्षं जंगलातला डास चावला नाही, तर शरीर विसरूनच गेलं!

"घरी काय म्हणाले?" मी विचारलं.

"हसले समदे. माय म्हणली, लातूरला जाऊन नव्यानं जन्मलास व्हय? तुझं बी नाव परत ठेवू का?"

*

पुढं साहेब आम्हा सगळ्यांना घेऊन मारोतीच्या वाडीवर गेले. वाटेत अर्धापूरच्या केळीच्या बागा लागल्या. लातूरचे डोळे आमचे, कितीतरी दिवसांत एवढं हिरवं बघितलं नव्हतं. मी नुसती बघत बसले. जब्बारभाईंनी गाडी मुद्दाम हळू केली. "देख लो बाई, इसका बिल नहीं आता!"

वाडीत शाळेच्या ओट्यावर मी मायक्रोस्कोप मांडला. लहान पोरांच्या पोटात तापानं सुजलेली पानथरी हाताला लागायची, डोळे पिवळट, अंगात कणकण. आणि मोठी माणसं दणकट. एका माणसाच्या स्लाइडमध्ये मला जंतू दिसले. साहेब धावतच निघाले. बघतात तो माणूस घराच्या छपरावर चढून कौलं बसवतोय.

"अरे, खाली उतर! तुझ्या रक्तात हिवताप आहे!"

त्यानं वरूनच खाली बघितलं. "असंल, साहेब. पण आदी छप्पर व्हायला पायजे." आणि पुढचं कौल उचललं.

गिरजाबाई पहिल्यांदा मी तिथं पाहिल्या. वाळक्या, ताठ, नजर अशी की आपणच काहीतरी चुकलोय असं वाटावं. मारोतीनं भीतभीत विषय काढला. पोरीला आता शाळेत घालायचंय, मास्तर नाव विचारतील.

"ताप येऊन गेला का तिला?"

"न्हाई, माय."

"मंग?" एवढंच बोलून त्या चूल फुंकायला लागल्या. मला संताप आला. मी म्हटलं, "अहो, नातीला ताप यावा असं वाटतं का तुम्हाला?"

त्यांनी वळून बघितलं. "येऊ दे म्हणलं न्हाई म्या. नाव नंतर, येवढंच म्हणलं."

परत आल्यावर अंथरूण धरलं ते जब्बारभाईंनी. लातूरच्या उकाड्यात अंगावर रजया, वर जीपची ताडपत्री, आणि दातावर दात वाजतायत. आम्ही बघायला गेलो तर तशातही तोंड चालूच. "साब, ये मच्छर का क्या इन्साफ है? उनके खून में सोता है, मेरे में आके नाचता है!"

*

तेव्हापासून दगडी शाळा सुटलेल्या पोरांसारखी ऑफिसात यायला लागली. गल्लीतली पोरं तिला चिडवायची. दगडी आली, दगडी आली म्हणून रस्त्यातले खडे उचलून दाखवायची. ती सरळ माझ्या टेबलापाशी यायची आणि बोट पुढं करायची.

"बाई, बघा ना, ताप हाय का?"

"नाही गं राणी."

"कवा येणार?"

मी हसायचे आणि मग हसू आवरायचं नाही म्हणून नव्हे, तर दुसरंच काही आवरायचं नाही म्हणून उठून दारापर्यंत जायचे. कुठल्या लेकरानं कधी तापाची अशी वाट बघितली असेल? एकदा तर तिनं उन्हात बसून कपाळ तापवून आणलं. कमलनं तिला रागानं एक धपाटा घातला आणि मग माझ्याच टेबलाशी बसून रडली. म्हणाली, "बाई, हिचं नाव काय, असं कुणी इचारलं की म्या हिला उचलून घरात पळते."

*

साहेबांना आता गिरजाबाईंच्या रक्ताचा ध्यास लागला. एवढ्या वयाची, जन्मभर जंगलात काढलेली बाई, तिच्या अँटिबॉडी काय असतील! फिल्टर पेपरवरचा ठिपका नको, चांगलं सिरिंजभर रक्त हवं. जब्बारभाई जीप घेऊन गेले आणि म्हातारीला लातूरला घेऊन आले. रक्त दिलं, नात बघितली, दोन दिवसांत परत सोडायचं असं ठरलं.

तर दुसऱ्याच दिवशी जीप पाणीटंचाईच्या कामावर लावली! टँकर मोजायला. आम्ही म्हटलं, "गिरजाबाई, एसटीनं सोडतो."

"न्हाई."

"एसटी चांगली आहे हो."

"साहेबानं जीपनं आणलं. जीपनंच जाईन."

झालं! गिरजाबाई मारोतीच्या एका खोलीत मुक्कामाला राहिल्या. आठवडे गेले. त्या दारात बॅरलला टेकून बसायच्या, मांडीवर दगडी. अंगावर डास बसला तरी त्यांचा हात हलायचा नाही. दगडीच्या अंगावर बसला की मात्र पदरानं हाकलायच्या. नाव तरीही ठेवलं नाही.

मधेच वरून मोठे साहेब लोक भेटीला आले. आमच्या साहेबांनी गिरजाबाईंना खुर्चीवर बसवलं आणि रंगात येऊन भाषण सुरू केलं. या वाडीतल्या मोठ्या माणसांना हिवताप बाधत नाही, निसर्गानंच त्यांना लस दिलीय, तीही फुकट! पाहुण्यांनी माना हलवल्या. गिरजाबाईंनी मारोतीला विचारलं, "काय म्हणून राहिले?"

"म्हणतेत, तुला ताप येत न्हाई. निसर्गानं फुकट लस दिली."

साहेबांना आणखी चेव आला. "मावशी, मुलं किती झाली तुम्हाला? सांगा यांना."

"नाव ठेवलेला ह्यो येकच. मारोती."

"आणि बाकीची?"

"बाकीच्यास्नी नाव ठेवायचं राहिलं."

पार्टिशनपलीकडं हमाल पोती उतरवत होते, धूळ आमच्याकडं येत होती. साहेबांचं भाषण तिथंच थांबलं. पाहुण्यांना चहा दिला, तो त्यांनी उभ्याउभ्याच घेतला.

*

आणि मग मारोतीच्या गल्लीत ताप आला. साधा नव्हे, जंगलातला, डोक्यात जाणारा. लातुरात, तेही अशा दुष्काळात! आम्ही वेड्यासारखे फिरलो. कुणी म्हणे टँकरच्या पाण्यानं, कुणी म्हणे बाहेरगावचे मजूर आलेत त्यांच्यामुळं. साहेब एनप्पा एनप्पा करत नकाशावर पेन्सिलीनं गोल काढत होते.

एका सकाळी मारोती दगडीला खांद्यावर टाकून आला. तिचं अंग चुलीसारखं तापलेलं. तशातही माझ्याकडं बघून तिनं बोट पुढं केलं आणि हसली.

"बाई, आला."

मी स्लाइड केली. भिंगाखाली तिच्या रक्तात बारीक बारीक अंगठ्यांसारखे जंतू, जिकडं तिकडं अंगठ्या. मला देवाचं नावसुद्धा आठवेना. साहेबांनी औषध सुरू केलं आणि तिला लगेच दवाखान्यात नेलं. तिथं मारोती भिंतीला टेकून उभा होता. गिरजाबाई इकडं ऑफिसाच्या पायरीवर बसल्या, त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

घरातल्या सगळ्यांच्या स्लाइड करायच्या, हा नियम. कमलची कोरी. मारोतीची कोरी. गिरजाबाईंच्या स्लाइडमध्ये मात्र चंद्रकोरीसारखे जंतू होते, फार नव्हे, पण होते. डासानं एका माणसाकडून दुसऱ्याकडं न्यावेत असे तेच जंतू. त्यांना स्वतःला साधी कणकणही नव्हती, म्हणून आल्या तेव्हा त्यांची स्लाइड करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. रक्त आलं होतं तपासायला सरकारी जीपमधून, त्याच्याबरोबर तापही आला होता. दारातल्या बॅरलनं डास पुरवले होते. मी साहेबांना भिंगाशी बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि नकाशावरचे सगळे गोल पुसून टाकले.

जब्बारभाई दारात उभे होते. सगळं ऐकून म्हणाले, "साब, लॉगबुक में पॅसेंजर एक लिखा था. अब कितने लिखूं?" त्या वेळी कुणाला हसू आलं नाही. आम्ही हसलो ते कितीतरी दिवसांनी.

गिरजाबाईंना सांगायचं कुणी? शेवटी साहेबच पायरीवर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. हळूहळू समजावलं. मावशी, तुमच्या रक्तात ते असतं, तुम्हाला काही करत नाही. पण डास तुम्हाला चावतो, मग लेकराला चावतो. तुम्हालाही आता गोळ्या घ्याव्या लागतील.

त्यांनी पायावरची धूळ पदरानं पुसली. मग विचारलं, "म्हंजी आदीची बी माझ्यातूनच गेली का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. "तसं कसं सांगता येईल, मावशी? तिकडं सगळ्यांच्याच रक्तात असतं," म्हणाले. आणि उठून आत आले ते थेट माझ्या टेबलामागे, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

*

दगडी वाचली. अशक्त झाली, केस गळले, पण वाचली. गल्लीतलेही सगळे उठले. गिरजाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा गोळ्या घेतल्या, तोंड वाकडं करून, पण एकही न चुकवता. मारोतीनं त्यानंतर बदलीचा अर्ज केला नाही. साहेबांनी त्याला बजावलं होतं, एका तापानं काही होत नाही, वाडीवर नेली तर पुन्हा पुन्हा झेलावे लागतील. तो म्हणाला, "एक लई झाला, साहेब."

जीप टंचाईच्या कामावरून सुटली, त्या दिवशी सगळे ऑफिसात जमले. गिरजाबाई गाठोडं बांधून तयार. जायच्या आधी नातीची शेवटची स्लाइड बघायची होती. मी बघितली. परत बघितली. काचेचा एक कोपरा सोडला नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "कोरी आहे."

गिरजाबाईंनी हात धुवायला पाणी मागितलं. जब्बारभाईंनी तांब्या काठोकाठ भरून आणला आणि सगळाच्या सगळा त्यांच्या हातावर ओतला.

आमच्याकडं कानात नाव सांगायचा मान आत्याचा. दगडीला आत्या नव्हती. गिरजाबाईंनी तिला घेतलं, पार्टिशनच्या अलीकडं आलेल्या एका तुरीच्या पोत्यावर बसल्या, पोरीचे केस मागं सारले आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. कमलनं पदर डोक्यावरून घेतला. मारोती, साहेब, जब्बारभाई, आम्ही सगळे कुर्र करायला तयार होऊन उभे. एक शब्द सांगायला कितीसा वेळ लागतो?

पण म्हातारी थांबेना. ओठ हलतायत, पोरगी डोळे मोठे करून ऐकतेय. पलीकडं पोती हलली, धूळ आली, मी नाक दाबून धरलं. गिरजाबाई जरा थांबायच्या, आठवल्यासारखं करायच्या, पुन्हा ओठ हलायचे. साहेब या पायावरून त्या पायावर. जब्बारभाईंच्या बोटांत जीपची चावी फिरत होती, ती फिरायची थांबली.

शेवटी गिरजाबाई सरळ झाल्या, पदरानं तोंड पुसलं, गाठोडं उचललं आणि कुणाकडं न बघता जीपकडं निघाल्या.

"दगडे, सांग की गं," कमलनं तिला जवळ ओढलं. "काय नाव ठेवलं आज्जीनं?"

पोरीनं आमच्या सगळ्यांकडं एकेक करून बघितलं.

"आज्जीनं लई नावं सांगितली," ती म्हणाली. "शाळंत त्यातलं कोणतं सांगू?"